मॅगीच्या फोटोंचा एपिसोड आत लागतो, मग आपला ड्राफ्ट का लागत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तिघं मित्र मिळून डोंबिवलीतल्या एका घराची अॅनिमेटेड कॉमेडी सिरीज करताय, आठ-आठ मिनिटांचे भाग, बारा भाग टाकून झालेत. आता आई-बाबांचं जुळलं कसं हे सांगणारा १९९४ सालातला फ्लॅशबॅक एपिसोड लिहायचाय आणि डोक्यात आहे तो सिम्पसन्स या अमेरिकन अॅनिमेटेड सिरीजमधला (बाप होमर, आई मार्ज, मुलं बार्ट, लिसा आणि सगळ्यात धाकटी मॅगी) मॅगीच्या जन्माचा भाग. ड्राफ्टमध्ये कॅसेट आहे, पेन्सिलीने रीळ फिरवणं आहे, एसटीडी बूथ आहे, चित्रहार आहे, बाबांची चेतक स्कूटर आहे, ज्याने वाचलं तो म्हणाला "भारी रे, काय दिवस होते" आणि मोबाईल खिशात टाकून निघून गेला. वर पाचव्या भागात बाबांचं वय ४२ सांगून बसलाय, त्या हिशोबाने १९९४ ला बाबा चड्डीत शाळेत जात असणार. तर जुने डिटेल्स अजून टाकावेत का आणि तारखांचं काय करायचं, हे तुमचे दोन प्रश्न.

मी आधी स्टोरीबोर्ड करायचो, आता बरीच वर्षं अॅनिमेशनच्या स्क्रिप्ट लिहितो, मुलांच्या सिरीज जास्त, फॅमिली कॉमेडी थोड्या. त्यामुळे जे सांगतोय ते लिहिणाऱ्याच्या बाजूने, समीक्षक म्हणून नाही. आणि मला वाटतं तुमची खरी अडचण या दोन प्रश्नांत नाहीच. तुमच्या ड्राफ्टमध्ये आजच्या घरात कोणाला काही जाणून घ्यायचंच नाहीये. मुलगी विचारते "बाबा तुम्ही आईला कुठे भेटलात?" आणि बाबा सांगायला लागतात, बस. हे तिने आजच का विचारलं? उत्तर मिळालं नसतं तर तिचं काय बिघडलं असतं? काहीच नाही. मग बघणाऱ्याचंही काही बिघडत नाही.

आता मॅगीवाला भाग या नजरेने परत बघा. 'अँड मॅगी मेक्स थ्री', सहावा सीझन, जानेवारी १९९५ मध्ये लागला होता, लिहिलाय जेनिफर क्रिटेंडनने. सुरुवातीला सगळे मिळून फोटो अल्बम बघत असतात आणि मुलांच्या लक्षात येतं की यात मॅगीचा एकही फोटो नाही. झालं, एवढंच. पण हा प्रश्न बोचणारा आहे, कारण तिसऱ्या मुलाचे फोटो का नाहीत याचं सगळ्यांच्या मनात आधीच एक उत्तर तयार असतं, की हौस संपली असणार. होमरसारखा बाप असेल तर नक्कीच संपली असणार. ती शंका मनात ठेवून आपण पुढची वीसेक मिनिटं बघतो, आणि लेखिका ती शंका दूर करायच्या ऐवजी वाढवत नेते.

गोष्ट अशी की होमरचं सगळं कर्ज फिटतं, तो अणुवीज केंद्रातली नोकरी सोडतो, जाताना मालक बर्न्सच्या डोक्यावर बोंगो वाजवतो, आणि परतीचे दोर कापणं काय असतं ते दाखवायला खराखुरा पूल जाळून जातो. मग त्याला आवडणारी नोकरी लागते, मित्र बार्नीच्या काकाच्या बोलिंग अॅलीमध्ये. पगार बेताचा पण चौघांना पुरेल असा, माणूस आयुष्यात पहिल्यांदा कामावर खूश. आणि त्याच आनंदात मार्जला दिवस जातात. मार्जच्या बहिणी पॅटी आणि सेल्मा गावभर बातमी करतात, कळत नाही ते फक्त होमरला. लोक त्याचं अभिनंदन करतात आणि त्याला वाटतं बोलिंग अॅलीच्या नोकरीबद्दलच चाललंय. इथे आपण हसतोय पण आपल्याला माहिती आहे की हा आनंद जाणार आहे, कारण आजचा होमर त्याच वीज केंद्रात बसलेला आपण दर आठवड्याला बघतो. शेवट ठाऊक आहे म्हणूनच मजा आणि त्रास दोन्ही आहेत. फ्लॅशबॅकमध्ये 'पुढे काय होणार' हे हत्यार लिहिणाऱ्याच्या हातातून आधीच गेलेलं असतं, राहतं फक्त 'याची किंमत कोणी आणि किती दिली'. ही एक गोष्ट तुमच्या ड्राफ्टमध्ये कुठेच नाही. तुमच्या बाबांनी आईला मिळवण्यासाठी काहीच गमावलेलं नाही, उलट पाऊस पडतो आणि छत्री एकच असते.

मग होमर पगारवाढ मागतो, ती मिळत नाही, तो बंदूक घेऊन बाहेर हवेत बार काढून गिऱ्हाईक आणायचा प्रयत्न करतो (हा सगळा प्रकार केवळ होमरलाच सुचू शकतो), आणि शेवटी परत वीज केंद्राच्या दारात. तेही मोठ्या दारातून नाही, परत याचना करायला येणाऱ्यांसाठी वेगळं छोटं दार, त्यातून गुडघ्यावर रांगत. आत बर्न्स त्याच्या टेबलासमोर एक पाटी ठोकून घेतो, "विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस". मॅगी जन्मते, तेव्हासुद्धा आधी एक अगदी फालतू जोक येतो, नाळ बघून होमरला वाटतं मुलगा झाला, आणि डॉक्टर सांगतात ती नाळ आहे, मुलगी झालीये. त्यानंतर तो तिच्याकडे बघतो. मग आपण परत आजच्या सोफ्यावर येतो, मुलं म्हणतात ते ठीक, पण फोटो कुठेत? होमर म्हणतो जिथे मला त्यांची सगळ्यात जास्त गरज आहे तिथे. कट. त्याचं कामाचं टेबल, भिंतभर मॅगीचे फोटो, आणि ते असे चिकटवलेत की पाटीवरची काही अक्षरं झाकली जाऊन उरलेलं वाक्य होतं 'डू इट फॉर हर', म्हणजे तिच्यासाठी कर.

तुम्ही म्हणालात हा शेवट जबरदस्त आहे. आहेच, पण माझं म्हणणं असं की त्या शॉटमध्ये नवीन काही नाहीये हे बघा. फोटो पहिल्या सीनमध्ये नसण्यातून आलेत, पाटी तिसऱ्या अंकात बर्न्सने लावलीये, आणि नोकरीचा तिटकारा तर पहिल्या सीझनपासूनचा. तीन सुट्ट्या गोष्टी एका फ्रेममध्ये आणल्या, संवाद शून्य. मी नव्या लोकांना नेहमी सांगतो की फ्लॅशबॅक एपिसोड शेवटच्या शॉटपासून मागे लिहीत या, कारण नाहीतर तो 'आणि अशा प्रकारे आम्ही भेटलो' या वाक्यावर संपतो आणि त्या वाक्यावर आजवर कोणाच्या डोळ्यात पाणी आलेलं मी तरी बघितलेलं नाही.

आता डिटेल्सचा प्रश्न, तर यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. हा फ्लॅशबॅक १९९३ चा आहे. एपिसोड लागला १९९५ च्या सुरुवातीला. म्हणजे जेमतेम दोन वर्षांपूर्वीचा काळ! नॉस्टॅल्जिया वाटावा असं १९९३ मध्ये १९९५ च्या प्रेक्षकाला काय असणार, ना कपडे बदलले ना टीव्ही. तरी तो भाग त्या शोच्या सगळ्यात हळव्या भागांपैकी एक समजतात. काळ दाखवणाऱ्या वस्तूंवर तो उभाच नाही.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर 'दॅट नाइन्टीज शो', जानेवारी २००८. मॅट सेलमनने लिहिलेला, आणि तो काही ऐरागैरा लेखक नाही, जोक पण चांगले आहेत त्यात. घरात थंडी, हीटिंगचं बिल होमरने भरलेलं नाही, शोधाशोधीत मार्जची कॉलेजची डिग्री सापडते, मग लग्नाआधीची गोष्ट निघते. मार्ज कॉलेजात शिकतेय, तिचा खर्च होमर वडिलांच्या लेझर टॅगमध्ये काम करून काढतोय, ती एका प्रोफेसरच्या नादी लागते आणि होमर दुखावून ग्रंज (नव्वदच्या दशकातलं उदास रॉक) बँड काढतो. हे सगळं नव्वदच्या दशकात. आणि फॅन लोक भयंकर चिडले, अजूनही चिडलेले आहेत.

बहुतेक जण सांगतात की तारखा चुकल्या म्हणून चिडले, कारण 'द वे वी वॉज' मध्ये (दुसरा सीझन, १९९१) होमर आणि मार्ज १९७४ साली हायस्कूलमध्ये दाखवलेत. मला हे कारण अर्धंच पटतं. हिशोबाने बघितलं तर २००८ चाच भाग बरोबर आहे, बार्ट दहा वर्षांचा म्हणजे २००८ मध्ये त्याचे आई-बाप नव्वदच्या दशकातच एकत्र असायला हवेत. आणि तारखांचा घोळ तर आधीपासून होता. 'लिसाज फर्स्ट वर्ड' मध्ये लिसा १९८४ च्या ऑलिम्पिकच्या वेळी जन्मते, आणि १९९७ च्या 'लिसाज सॅक्स' मध्ये १९९० सालची लिसा अजून शाळेतही जात नाही, तिच्यासाठी आई-बाप प्रीस्कूल शोधतायत. हिशोब कुठेच बसत नाही. 'लिसाज सॅक्स' वर कोणी मोर्चा काढला का? नाही, लोक आजही प्रेमाने बघतात.

मग २००८ ला काय झालं? एक म्हणजे नव्वदचं दशक प्रेक्षकांच्या डोक्यात रिकामं नव्हतं, ते दशक म्हणजेच सिम्पसन्स बघण्याचं दशक होतं, तिथे होमरला लांब केसांचा गायक करून बसवलं की ज्या होमरबरोबर लोक लहानाचे मोठे झाले त्याला जागा उरत नाही. पण माझ्या मते मोठं कारण वेगळं. १९७४ च्या गोष्टीत होमरकडे काहीच नाही, तो डिटेन्शनमध्ये (शिक्षा म्हणून शाळेत थांबवतात तिथे) मार्जला बघतो, तिच्याजवळ राहायला फ्रेंचची शिकवणी लावून घेतो जी त्याला नकोच आहे, प्रॉमला, म्हणजे शाळेच्या डान्स पार्टीला, ती वर्गातल्या आर्टी झिफबरोबर जाते आणि हा चालत घरी निघतो. या जोडप्याबद्दल आपल्याला जे वाटतं त्याच्या तळाशी हे आहे, की त्याला कळत होतं ही आपल्या आवाक्यातली नाही. २००८ च्या भागाने तारीख बदलली ते एकवेळ चाललं असतं, त्याने हा तळ हलवला, होमर रॉकस्टार झाला, मार्ज प्रोफेसरमागे गेली. प्रेक्षक तारीख विसरतो, कोणी कोणासाठी काय सोसलं ते विसरत नाही.

तर तुमच्या बाबांचं वय ४२, त्याचं काही करू नका. एक जोक टाकून पुढे जा, मुलीला म्हणू द्या की बाबा मग तेव्हा तुम्ही किती वर्षांचे, आणि बाबांना विषय बदलू द्या. अॅनिमेशनमध्ये पात्रांचं वय वाढत नाही हे मराठी वाचकाला शिकवायला लागत नाही, सकाळमधला चिंटू १९९१ पासून वर्षानुवर्षं लहानच होता आणि त्याबद्दल कोणी पत्र लिहून तक्रार केली असेल असं मला वाटत नाही. पण सातव्या भागात आई म्हणते की तिने घरच्यांच्या विरोधात लग्न केलं, आणि नव्या ड्राफ्टमध्ये आजोबा हसत हसत पेढे वाटतायत. हे मात्र चालणार नाही. हे बदला.

आता काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सिम्पसन्सचा मॅगीवाला भाग ११६ वा होता, तोपर्यंत लोकांना होमर आतूनबाहेरून ठाऊक. तुमचे बारा भाग झालेत, तेही छोटे. म्हणजे प्रेक्षकाच्या जुन्या प्रेमावर तुम्ही तितकं विसंबू शकत नाही, जे काही पेरायचं ते याच भागात, पहिल्या मिनिटात. अशक्य नाही, 'द वे वी वॉज' पंचविसावाच भाग होता आणि त्याचं निमित्त तर टीव्ही बिघडला इतकंच आहे. पण ती गोष्ट 'कसे भेटले' अशी सरळ आहे आणि तिला पूर्ण बावीस मिनिटं मिळालीत, डिबेट, शिकवणी, प्रॉम, सगळं उलगडायला. आठ मिनिटांत सरळ प्रेमकथा म्हणजे छत्रीच होणार, त्यामुळे तुम्हाला एखादी वस्तू पकडूनच जावं लागेल असं मला वाटतं.

आणि वस्तू तुमच्याकडे आहे! ती चेतक. तुमच्या पहिल्या भागापासून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती बंद पडलेली स्कूटर दिसते, सोसायटीचे सेक्रेटरी दर दोन भागांनी ओरडतात, बाबा विकत नाहीत. का विकत नाहीत? हा प्रश्न तुम्ही बारा भाग फुकट सांभाळलाय आणि आता ड्राफ्टमध्ये त्या स्कूटरवर फक्त आई मागे बसून गाणं म्हणते. 'लिसाज सॅक्स' बघा या दृष्टीने. उकाड्याने सगळे हैराण, होमरने एसीसाठी दोनशे डॉलर साठवलेत, आणि ते पैसे लिसाच्या सॅक्सोफोनला जातात. त्यानंतर शोमध्ये सॅक्सोफोन दिसला की त्याची किंमत आपल्याला माहिती असते. वर त्या सॅक्सोफोनवर कोरून घेतलेल्या मजकुरात होमरचं 'डोह' पण कोरलं गेलंय, म्हणजे हळवेपणावर लगेच चापट.

तुमच्या स्कूटरचं उत्तर म्हणून पहिलं जे सुचेल ते टाकून द्या. मला पहिलं सुचलं की बाबा आईला बाळंतपणाला त्यावरून घेऊन गेले, आणि ते इतक्या लवकर सुचलं याचा अर्थ प्रेक्षकालाही तेवढ्यात सुचणार. दुसरं जे सुचलं ते ठेवतो तुमच्यासमोर. तुमच्या घरात आत्या आहे, जी सारखी टोमणे मारते आणि त्या स्कूटरला सगळ्यात जास्त नावं ठेवते. समजा स्कूटरचे पैसे तिच्या बी.एड.च्या फीसाठी ठेवलेले होते. समजा तिने स्वतःहून दिले, कारण भावाला रोज कल्याणपलीकडे नोकरीला जायचं होतं आणि ती नोकरी असेल तरच मुलीकडचे ऐकून घेणार होते. आत्या शिक्षिका झाली नाही. आता तिचे सगळे टोमणे परत ऐका, तुमचे जुने बारा भाग आपोआप बदलतात, एक ओळ न लिहिता. आणि आत्या हे कधीही बोलणार नाही, बाबाही नाही, मुलीला कळेल ते आरसी बुकात सापडलेल्या फीच्या कोऱ्या फॉर्मवरून वगैरे, ते तुम्ही ठरवा. शेवट गोड करू नका फक्त, आत्याला शेवटी पण सेक्रेटरीचीच बाजू घेऊ द्या. सिम्पसन्सवाले हे फार छान करतात, 'लिसाज फर्स्ट वर्ड' मध्ये आजोबा स्वतःचं घर विकून मुलाला घर घ्यायला पैसे देतात, आणि मुलं विचारतात की मग आजोबांना वृद्धाश्रमात कधी टाकलं, तर उत्तर येतं तीनेक आठवड्यांनी, आणि सगळे हसतात. क्रूर आहे, पण त्या क्रूरपणामुळेच आधीचा त्याग खरा वाटतो.

मग कॅसेट आणि एसटीडी बूथचं काय? एक चाचणी करा, ड्राफ्टमधून काळाच्या सगळ्या वस्तू खोडा आणि वाचा. गोष्ट उरली तर एकेक वस्तू परत आणा, पण फक्त जी काही काम करते ती. एसटीडी बूथ ठेवा, कारण तिथे मागे रांग असते, मीटरवर पैसे पळताना दिसतात आणि खाजगी बोलणं चारचौघांसमोर करावं लागतं, त्यात कॉमेडी आहे. पेन्सिल आणि कॅसेट काढा. तो फोटो सगळ्यांनी शंभर वेळा फॉरवर्ड केलाय.

राहिलं बजेट, जे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. फ्लॅशबॅक महाग पडतो, कारण प्रत्येक पात्राची तरुण मॉडेल शीट (पात्र सगळ्या बाजूंनी कसं दिसतं त्याचं नमुना-चित्र) नवीन, कपडे नवीन, बॅकग्राउंड नवीन, आणि हे सगळं एकाच भागासाठी. त्यामुळे तरुणपणी कोण कोण दिसणार ते आताच ठरवा. माझा सल्ला, बाबा, आई, आत्या, बस, आजोबांचा फक्त आवाज दुसऱ्या खोलीतून. बदल केसांत करा, चेहऱ्यात नको. मॅगीवाल्या भागात तर होमरच्या टकलाचाच जोक केलाय, बार्टची बातमी कळल्यावर तो केस उपटत ओरडत जिन्यावरून पळतो, लिसाच्या वेळी परत तेच, म्हणजे डिझाईनचा फरक आणि जोक एकाच खर्चात. आणि मधे मधे आजच्या सोफ्यावर परत या, मुलगी बाबांना अडवतेय, आई दुरुस्त करतेय, आत्या स्वयंपाकघरातून "खोटं" म्हणतेय. त्या खोलीची बॅकग्राउंड तुमच्याकडे तयार आहे आणि अशा एका व्यत्ययात तुम्ही कथेतले सहा महिने उडवू शकता, न दाखवता. आठ मिनिटांत असे तीन व्यत्यय पुरे, चौथा आला की गोष्ट तुटते.

आवाजासाठी वेगळे तरुण कलाकार शोधू नका, बाबांना ज्याने आवाज दिलाय त्यालाच जरा वर, जरा घाईत बोलायला सांगा. पिच मशीनवर वाढवू नका, ते लगेच कळतं. नवीन ड्राफ्ट झाला की आधी फक्त पहिलं पान आणि शेवटचा शॉट टाका इथे, मधलं नंतर बघू.